वाढलेल्या आकड्याची बाजू

सार्वजनिक आरोग्याच्या सरकारी नोकरीत थोडी वर्षे काढली की वैद्यकीय महाविद्यालयात कोणी न शिकवलेली एक गोष्ट लक्षात येते: काम मनापासून केले की आजार वाढतो. निदान कागदावर तरी वाढतो. ज्या वॉर्डात तापाच्या रुग्णांचे रक्त नेमाने तपासले जाते तिथे हिवताप जास्त दिसतो, जिथे खोकणाऱ्या माणसाची थुंकी वेळेवर तपासली जाते तिथे क्षयरोग जास्त दिसतो, आणि जिथे कोणी दारच ठोठावत नाही तो भाग अहवालात निरोगी ठरतो. मुंबईत या नोकरीत उमेदीची सारी वर्षे गेली; वॉर्डापासून सुरुवात करून वरिष्ठ पदापर्यंत पोचले आणि आता निवृत्त झाले. या पेशातल्या माणसाची परीक्षा वाढलेल्या आकड्यापाशी होते, असे माझे मत झाले आहे. तो आकडा त्याने शोधला का, जसाच्या तसा वर पाठवला का, आणि वरून विचारणा झाल्यावर तो त्या आकड्याच्या पाठीशी उभा राहिला का, यावर त्याची नोकरी कशी झाली ते ठरते.

आमच्या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना पटकन कळत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. वॉर्ड ऑफिसातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळे ज्याला ‘एमओएच’ म्हणतात त्याच्याकडे, लसीकरण असते, दवाखाने आणि आरोग्य केंद्रे असतात, खासगी नर्सिंग होमची नोंदणी असते, स्मशानभूमी असतात आणि जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. लोक त्याला ओळखतात ते दाखल्यावरच्या सहीपुरते. मुलाच्या नावातली वेलांटी चुकली म्हणून रांगेत ताटकळलेला माणूस खिडकीशी वाद घालत असतो आणि त्याच वेळी आत टेबलावर पावसाळी तापाच्या रुग्णांची यादी येऊन पडलेली असते. दोन्ही कामे त्याच दिवशी संपवायची असतात.

मला या सगळ्यात मृत्यूच्या नोंदवहीने सर्वांत जास्त शिकवले. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतात आणि त्यात मृत्यूचे कारण लिहितात. घाईत भरलेल्या कित्येक फॉर्मांवर तिथे एकच ओळ असते: हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने. पण मृत्यू म्हणजे तेच. त्याने काहीच कळत नाही. मूळ कारण त्याखालच्या ओळींत लिहायचे असते, आणि त्या ओळी कोऱ्या असल्या की फोन उचलून विचारावे लागते: डॉक्टर, आधी काय झाले होते, ताप किती दिवस होता, कावीळ दिसली का, लघवी कमी झाली होती का?

नोकरीच्या सुरुवातीच्या एका पावसाळ्यात असे दोन फॉर्म माझ्यासमोर आले. रुग्णालये वेगळी, दोन्ही मृत तरुण पुरुष, दोन्हींवर तीच ओळ. पत्ते मात्र एकाच गल्लीचे. फोन केल्यावर हकिगतही एकच निघाली. तीन-चार दिवस ताप, पोटऱ्यांमध्ये असह्य दुखणे, मग डोळे पिवळे आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी. लेप्टोस्पायरोसिसची ही ओळखीची वाटचाल. दोघेही गल्लीच्या तोंडाशी तुंबणाऱ्या पाण्यातून रोज ये-जा करत होते. उंदरांच्या मूत्रातून हा जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायावरच्या साध्या खरचटलेल्या जागेतूनही शरीरात शिरतो. प्रत्येक रुग्णालयाला एकेक सुटा रुग्ण दिसला होता. गल्ली दिसली ती नोंदवहीत. आम्ही घरोघर फिरलो, तापाचे आणखी रुग्ण सापडले, त्यांना वेळेत औषध मिळाले, आणि त्या महिन्याच्या तक्त्यात आमचा वॉर्ड लेप्टोच्या बाबतीत सर्वांत वर जाऊन बसला.

पुढे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि ऑगस्टमध्ये साऱ्या शहराने लेप्टोचे नाव ऐकले. आता पाण्यातून चालत जावे लागलेल्यांनी बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, हे आवाहन दर पावसाळ्यात होते. मुंबईकरांना ते आता पाठ झाले आहे, आणि ते पाठ होण्यासाठी त्या वर्षी शहराने फार मोठी किंमत मोजली.

आकडा आणि शोध यांचे नाते सर्वांत उघड दिसते ते हिवतापात. हा आजार घाणीतून येतो असा पुष्कळांचा समज असतो. गटारातला डास वेगळा. मुंबईच्या हिवतापाचा डास, अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरची टाकी, विहीर, कारंजे, बांधकामाच्या स्लॅबवर सोडलेले पाणी या त्याच्या जागा. विहिरी आणि टाक्यांकडे १९११ साली डॉ. बेंटली यांच्या अहवालाने बोट दाखवले होते आणि १९२८ साली मेजर कॉव्हेल यांनी पुन्हा तेच मांडले. टाकीला डास शिरणार नाही असे घट्ट झाकण हवे आणि तपासणीसाठी वर चढायला पक्की शिडी हवी, हा मुंबईतला नियम त्याच वाटेने आलेला आहे. रहिवाशांना तो जाचक वाटतो. झाकण बसवायला गेलेल्या कामगाराला दुसऱ्या मजल्यावरच थांबवणारी सोसायटी मी पाहिली आहे.

लालबागच्या एका जुन्या चाळीच्या गच्चीवर कीटकनियंत्रणाच्या एका अनुभवी कामगाराने मला टाकी पाहायला शिकवले. सगळे त्यांना मामा म्हणत. शिडीचा वरचा दांडा गंजून निसटलेला होता, म्हणून मामा आधी चढले आणि मग मला हात दिला. झाकण सरकवल्यावर ते लगेच पाण्यात डोकावले नाहीत. स्वतःची सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला जाऊन थोडे थांबले, कारण सावली हलली की अळ्या तळाशी जातात. मग लांब दांड्याचा पांढरा डाव त्यांनी पाण्याच्या कडेने तिरका बुडवून हळूच वर काढला आणि उन्हात धरला. पांढऱ्या तळावर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, करड्या रेघा दिसत होत्या. “आडवी आहे बघा मॅडम,” मामा म्हणाले. क्युलेक्सची, म्हणजे गटारातल्या डासाची, अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीने टेकून डोके खाली करून तिरकी लोंबते. अ‍ॅनोफिलीसची पृष्ठभागाला समांतर पडून राहते. पाठ्यपुस्तकातली ती आकृती मी परीक्षेत अनेकदा काढली होती, तरी खरी अळी त्या दिवशी पहिल्यांदा ओळखली. त्या चाळीत खालच्या मजल्यांवर तापाचे रुग्ण होते आणि एकाचाही रक्तनमुना कोणी घेतलेला नव्हता.

आम्ही त्या भागात स्लाइड, म्हणजे काचपट्टीवर घेतलेले रक्ताचे नमुने, काढायला सुरुवात केली आणि रुग्ण वाढले. वाढणारच होते. राष्ट्रीय कार्यक्रमाचा जुना दंडक असा की वर्षभरात लोकसंख्येच्या दहा टक्क्यांइतके रक्तनमुने तपासले गेले पाहिजेत. स्लाइड निम्म्या केल्या तर हिवताप कागदावर सहज निम्मा होतो, आणि एकही अळी न मरता तो आटोक्यात आल्याचे जाहीर करता येते. हा मोह प्रत्येक पिढीतल्या अधिकाऱ्यासमोर येतो.

त्यानंतरच्या एका आढावा बैठकीत मला उभे करून विचारले गेले, “डॉक्टर, तुमच्या एकटीच्याच वॉर्डात हिवताप का वाढतोय?” उत्तर माझ्या तोंडाशी आले होते, पण माझ्याआधी आमचे सर बोलले. ते तेव्हा विभागातले वरिष्ठ होते, निवृत्तीला आलेले, आवाज कधी चढवत नसत. ते म्हणाले, “साहेब, आधी कोणत्या वॉर्डाने किती स्लाइड काढल्या तो रकाना वाचू या, मग रुग्णांचा वाचू.” रकाना वाचला गेला. काही वॉर्डांचे आकडे इतके कमी होते की पुढचे वाचायची गरज उरली नाही. बैठकीनंतर जिन्यात सर मला म्हणाले की खालच्या माणसाचा वाढलेला आकडा वरच्याने अंगावर घ्यायचा असतो, त्यासाठीच तो वर बसलेला असतो. मी पुढे ज्या ज्या खुर्च्यांवर बसले, तिथे आढाव्याच्या तक्त्यात तपासणीचा रकाना आधी आणि रुग्णांचा नंतर, हा क्रम बदलू दिला नाही.

नकोशी बातमी उघडपणे सांगण्याला मुंबईत मोठी परंपरा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या रुग्णांना तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ही ग्रंथिक प्लेगची साथ आहे असे नगरपालिकेच्या स्थायी समितीत सांगितले, तेव्हा ते ऐकायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. बंदराचे शहर, प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे जहाजे अडवणार आणि व्यापार बसणार हे सर्वांना माहीत होते. व्हिएगस यांचे निदान खरे ठरले. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे ती याच साथीतून उभी राहिली. व्हिएगस यांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे. धोबीतलावला काही काम असले की मी त्या पुतळ्याजवळ दोन मिनिटे थांबते. लस शोधणाऱ्याचे नाव संस्थेला मिळाले हे योग्यच झाले. पण जे कोणाला ऐकायचे नव्हते ते पहिल्यांदा मोठ्याने सांगणाऱ्या डॉक्टरची ओळख आमच्या खात्यातल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला रुजू होण्याच्या दिवशीच करून द्यावी, असे मला फार वाटते.

पोलिओच्या काळात हीच गोष्ट घरांच्या दारांवर खडूने लिहिली जात होती. पल्स पोलिओच्या फेरीत पथक घरोघर जाई, डोस मिळालेल्या बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावी आणि दारावर ‘पी’ लिही. एखादे मूल राहिले असेल तर ‘एक्स’. मूल झोपलेले, गावाला गेलेले, आईबरोबर तिच्या माहेरी असलेले, किंवा घरच्यांनी सरळ नकार दिलेला, अशी कारणे. संध्याकाळी पर्यवेक्षकांकडे याद्या जमत आणि ज्यांच्या यादीत एकही एक्स नसे त्यांचे कौतुक होई. मला मात्र त्या शून्याचीच भीती वाटे. मुंबईच्या कुठल्याही वस्तीत, दुपारच्या वेळी, शंभर घरांत पाच वर्षांखालची सगळी मुले जागी आणि हजर असतील हे शक्य नाही.

मानखुर्दला एक आरोग्य सेविका होती, जिच्या यादीत हमखास सर्वांत जास्त एक्स असत. तिच्याबद्दल तक्रारच आली होती, म्हणून मी तिच्याबरोबर एक दुपार फिरले. एका दारात बाळाची आई म्हणाली की पोरगा आत्ताच झोपलाय, उठवला तर दोन तास रडेल. पथकातली दुसरी मुलगी पुढच्या दाराकडे वळली सुद्धा. ही म्हणाली, “झोपू दे ताई, मी चारच्या पुढे येते. तवर चहा टाकून ठेवा.” आणि तिने दारावर एक्स लिहिला. नकार देणाऱ्या एका घरी ती आत जाऊन बसली, आजीच्या गुडघ्याची चौकशी केली, डोसचा विषय काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरातली दोन्ही मुले तिने बूथवर आणली. तिला महिन्याचे मानधन मिळत होते, पगार नव्हे, आणि ते तिच्या पायपिटीच्या मानाने फार तुटपुंजे होते. या शहराचे आरोग्य अशा बायकांच्या चालण्यावर टिकून आहे, आणि त्यांना कामगार म्हणून न्याय मिळायला इतकी वर्षे लागावीत याचे मला दुःख आहे.

पोलिओत आम्ही रुग्णाचीही वाट पाहत थांबलो नाही. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात पोलिओचा विषाणू शोधला जाऊ लागला. एकाही मुलाला लुळेपणा आलेला नसताना गटाराच्या पाण्यात विषाणू सापडणे ही प्रशासनाच्या दृष्टीने गैरसोयीचीच बातमी. तरी नमुने घेणे थांबले नाही. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत ज्यात येतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ते प्रमाणपत्र मान्य झाले, कारण शोध किती कसून घेतला याचा पुरावा आमच्याकडे होता.

क्षयरोगात मात्र प्रमाणपत्रापर्यंतचा रस्ता फार लांब आहे. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या चार रुग्णांविषयी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. गदारोळ झाला. अशा क्षयरोगाला काय नाव द्यावे यावरच बरीच चर्चा खर्ची पडली. पण त्यानंतर शहरात गोष्टी हलल्या हेही खरे. प्रयोगशाळा वाढल्या, सुमारे दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला असलेला त्याचा प्रतिकार दोन्ही दाखवणारी जीनएक्स्पर्ट यंत्रे आली. मे २०१२ मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले. साहजिकच मुंबईचे आकडे फुगले, आणि ‘मुंबई क्षयरोगाची राजधानी’ असे मथळे आले. हे रुग्ण आधीही इथेच होते, लोकलच्या डब्यात आपल्या शेजारीच बसत होते. फक्त कोणत्याच वहीत नव्हते. प्रतिकारक क्षयरोगाच्या रुग्णाला तेव्हा दोन वर्षांची औषधे आणि महिनोन्‌महिने रोजचे इंजेक्शन घ्यावे लागे, आणि त्या इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात बेडाक्विलिन हे प्रतिकारक क्षयरोगावरचे नवे औषध २०१६ साली आले. सुरुवातीला देशातल्या मोजक्या सहा केंद्रांतच ते मिळत होते. ज्यांची नोंद होती त्यांच्यापर्यंतच ते पोचू शकले.

कोविडबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडेच लिहिते. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला, आणि सुमारे अडीच चौरस किलोमीटरात आठ लाखांहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या वस्तीत तिथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघरी ताप शोधला गेला. मे महिन्यात आकडे चढले ते या शोधानेही चढले. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती १६ जून २०२० ची घटना. रुग्णालयांच्या याद्या पुन्हा ताडून पाहिल्यावर, आधी कोविडमध्ये न धरलेले ८६२ मृत्यू त्या दिवशी मुंबईच्या एकूण आकड्यात जोडले गेले. टीका झाली, व्हायलाच हवी होती, कारण ते मृत्यू वेळेवर मोजले जायला हवे होते. तरीही भर साथीत, सगळ्यांच्या नजरा मृत्युदरावर असताना, ते जाहीरपणे मिळवले गेले. ती ताडणी म्हणजे एकेका नावाचे, वयाचे आणि पत्त्याचे काम असते. ते करणारे लिपिक आणि डॉक्टर स्वतःही तेव्हा आजारी पडत होते. त्या ८६२ कुटुंबांना आपले माणूस कशाने गेले याची नोंद मिळाली. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हाही, साथीच्या काळात लसीकरणातून सुटलेली मुले शोधायला पुन्हा त्याच नोंदी आणि त्याच सेविका कामी आल्या.

भारताने क्षयरोगाच्या उच्चाटनासाठी ठरवलेले २०२५ हे वर्ष आता मागे पडले. उद्दिष्टाचे वर्ष ठरवले की यंत्रणा हलते, पैसा येतो, आणि त्याबरोबर आकडा खाली दाखवण्याचा दबावही वाढतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांमध्ये नेली गेली आणि खोकला, ताप, वजन घटणे यांपैकी काहीच नसलेल्या लोकांच्या फुप्फुसांतही क्षयरोग सापडला. याचा अर्थ असा की केवळ खोकणाऱ्यांना शोधत बसलेल्या आमच्या पिढीच्या वह्या अपुऱ्या होत्या, आणि हे यंत्र नीट वापरले तर पुढची काही वर्षे मुंबईचा आकडा वाढलाच पाहिजे. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, धारावी इथे तो विशेष वाढेल. या वॉर्डांत आज काम करणारे डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे आहेत. त्यांच्यातला एखादा उद्या आढावा बैठकीत उभा राहील, आणि त्याच्याच वॉर्डात क्षयरोग का वाढला असे त्याला विचारले जाईल. तेव्हा आधी एक्स-रे किती काढले तो रकाना वाचा, असे म्हणणारा वरिष्ठ त्या खोलीत असला पाहिजे. नेमणुका करणाऱ्यांनी आणि बदल्यांच्या याद्यांवर सह्या करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.